सिमेंटच्या टाक्यातले मासे

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा माझे बाबा तिथे काँक्रीटच्या टोळीचे मुकादम होते. सिमेंटवर त्यांचा भारी जीव. कुठे भेग दिसली की अन्न गोड लागत नसे. साइटवरच्या एका रशियन साहेबाच्या घरी त्यांनी काचेच्या पेटीत मासे पाहिले आणि डोक्यात खूळ शिरलं. तसली काच आम्हाला कुठली मिळायला! मग क्वार्टरच्या अंगणात कमरेएवढं सिमेंटचं टाकं बांधलं, आत दगडांचा डोंगर रचला आणि जवळच्या रुआबांधा गावच्या तळ्यातून बादलीभर बारके मासे आणून सोडले. बादलीतून दोन खेकडेही आले. तेही राहू दिले.

तेव्हा बाबांची विधवा बहीण, माझी आत्या, आमच्याकडे राहत होती. नवरा गेल्यावर सासरी जावेनं तिला गड्यासारखं राबवलं, म्हणून बाबांनी तिला आणलं होतं. आता हेच तुझं घर, असं सांगून आणलं होतं. दुपारी माझी वेणी घालताना ती उगीचच खुदखुदून हसायची. मला वाटे, ही जन्मभर इथेच राहणार.

टाकं मात्र गळायचं. काँक्रीटवाल्याच्याच घरचं टाकं गळतं म्हणजे नाक कापल्यासारखं. सुट्टीच्या दिवशी बाबा मासे बादलीत काढत, पाणी उपसत, भेगेवर सिमेंट चोपडत आणि थोडं घट्ट झालं की लगेच टाकं भरून मासे परत सोडत. नव्या कामाला पाण्याशिवाय ठेवायचं नाही, हा साइटवरचा नेम घरीही. त्यानंतर मासे पोट वर करून तरंगू लागत. पण या दोन गोष्टी कोणी जोडून पाहिल्या नाहीत. सगळ्यांना दिसला तो मेलेल्या माशाचे लचके तोडणारा खेकडा. बाबांनी त्याला विटेनं ठेचलं, दुसऱ्यालाही दगडाखालून ओढून काढलं. तरी मासे मरतच राहिले.

मग नजरा आत्याकडे वळल्या. ती घरात सगळ्यांआधी उठायची आणि मेलेले मासे उचलून शेवग्याखाली पुरायची, मी पाहून रडू नये म्हणून. त्यात आईला दिवस गेलेले. शेजारीण तिच्या कानाला लागली, "नवऱ्याले खाल्लं, आता मासे खाऊन राहिली. तुमी पोटुशा बाई, जपून राहा." बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर आम्ही घरातले देव नदीत सोडून आलो होतो, अपशकुन मात्र सामानाबरोबर भिलाईला आला होता. मला आजही संताप येतो. आई वाईट नव्हती, घाबरली होती. "बाळंतपण होईस्तोवर तरी जाऊ द्या तिले," ती बाबांना म्हणाली. ते आत्याच्या कानावर गेलं. तिनं स्वतःच गाठोडं बांधलं आणि सासरच्या गावी निघून गेली.

त्या काळात साइटवर काम इतकं वाढलं की बाबांना सुट्टीच मिळेना. भेग तशीच राहिली, पाणी झिरपत राहिलं, आई बादलीनं भर घालायची, आणि उरलेले मासे जगले. भाऊही सुखरूप झाला. शेजारणीला आणखी काय हवं होतं!

पुढे बाबांना सवड मिळाली. त्यांनी भेग बुजवली, टाकं भरलं. दुसऱ्या दिवशी सगळे मासे पाण्यावर. आता खेकडा नव्हता, आत्याही नव्हती. बाबांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

"सिमेंटनं मेले," ते म्हणाले. "माह्याच हातानं."

आई बाळाला छातीशी धरून रडायला लागली. "आजच्या आज जा. घेऊन या तिले."

बाबा मलाही सोबत घेऊन गेले. आत्या जावेच्या गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन आली, माझ्या गालावरून ओला हात फिरवला, आम्हाला गुळाचा चहा दिला. मग खाली बघत तिनं विचारलं, "मासे कसे हायेत रे?"

घरची खुशाली कोणी विचारली की आधी सगळं ठीक म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. शिवाय बहिणीसमोर बाबांची जीभ उचलेना.

"मजेत हायेत," ते म्हणाले.

"आन् लेकरू?"

"तेबी मजेत."

आत्यानं मान डोलावली. "मंग मी इकडं आली ते बरंच झालं."

तेव्हा कुठे बाबांना कळलं आपण काय बोलून बसलो ते. ते गडबडीनं सगळं सांगू लागले, भेग, सिमेंट, मेलेले मासे. आत्या त्यांच्याकडे मायेनं बघत राहिली.

"मले बरं वाटावं म्हणून कावून खोटं बोलून राहिला रे?"

"खरंच मेले गं आत्या," मी ओरडले. "सगळे मेले."

"पोरीलेबी शिकवून आणलं," ती हसून म्हणाली, आणि आमचे कप उचलून आत गेली.