परत मागितलेली पत्रिका

आमच्यात मुलीची पत्रिका एकदा मुलाच्या घरी गेली की परत मागायची नसते. ती परत पाठवायची मुलाकडच्यांनी; तोच त्यांचा नकार. मुलीकडच्यांनी नुसती वाट बघायची. मी ती परत मागितली, आणि त्याबद्दल आजही कुणाची माफी मागणार नाही.

एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली गोष्ट. नवरा वारल्यावर मी बसवनगुडीत थोरल्या भावाकडे, अण्णाकडे, राहायला आले आणि जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवू लागले. अण्णाची मुलगी तेव्हा चौदाची. गणितात अशी तल्लख की तिच्यापुढे बसायचं तर मला आधी तयारी करावी लागे. पण तिच्या शाळेत वरच्या वर्गात मुलींना गणिताऐवजी शिवणकाम होतं, आणि घरी दर दुसऱ्या रविवारी कुणीतरी तिला बघायला येई. पाहुण्यांसाठी केसरीभाताचा, केशरी शिऱ्याचा, वास सुटला की पोरगी कुणी न सांगता साडी नेसायला उठायची. मला ते बघवत नसे.

मी ठरवलं, हिला या घरातूनच बाहेर काढायची. बोर्डिंगच्या तीन शाळांची माहितीपत्रकं मागवली, अर्ज आणले. फी माझ्या पगारातून. अण्णानं महिनाभर माझी कटकट ऐकली आणि शेवटी, "सरी, सरी, बरं बाई, घे सह्या, पण आता तोंड बंद कर," म्हणत तिन्ही अर्जांवर सही ठोकली. हे गाडं पुढं जायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण वय. तिन्ही शाळांना पंधराच्या आतली मुलगी हवी होती. आमची होतीच आत, पण शाळेच्या रजिस्टरात नव्हती. तिच्या थोरल्या भावाबरोबर एकाच जटक्यातून, घोडागाडीतून, जावी म्हणून अण्णानं तिला लवकर शाळेत घातलं होतं आणि वय वर्षभर वाढवून लिहिलं होतं. जन्म घरातला, सरकारदरबारी नोंद नाही. खरी तारीख एकाच कागदावर, पत्रिकेवर. आणि पत्रिका होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला, एका मुलाच्या घरी. नकलेत लोक मंगळ लपवतात म्हणून त्यांनी अस्सलच मागून घेतली होती. अर्जालाही अस्सलच जोडायची होती, आणि हातात उरले होते आठ दिवस.

"त्यांचं उत्तर येऊ दे, मग बघू," अण्णा म्हणाला. उत्तर यायला त्यांना सहा महिने लागले असते. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि बस धरली.

मुलाची आई ओसरीवर पावटे सोलत होती. मी कोण ते सांगितलं आणि लगेच पत्रिका मागितली. तिचा हात थांबला.

"मुलीकडचे कधी परत मागतात का हो? नाही म्हणायचं ते आम्ही."

"का? तोंड काय देवानं तुम्हालाच दिलंय?"

"आमच्या मुलात काय खोट दिसली तुम्हाला?"

"तुमच्या मुलाला मी पाहिलंसुद्धा नाही. चांगलाच असेल. पोरीला शाळेत पाठवायचीय."

ती आत गेली आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे आदळला. "हुडका तुमची." डब्यात गच्च पत्रिका. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या, घड्या पडलेल्या, काहींचा कागद पिवळा पडलेला. बावीस मोजल्या मी. तेविसावी आमची. बाकीच्या बावीस जणी आपापल्या घरी साड्या नेसून बसल्या असतील, या विचारानं माझं डोकं असं भणभणलं की डबाच उचलून न्यावासा वाटला.

"हिचं आता कुठंच जमायचं नाही, बघा," ती पाठीमागून म्हणाली.

"तुमच्या तोंडात साखर पडो," मी म्हटलं आणि निघाले.

अण्णाला संध्याकाळी कळलं. "माझी अब्रू मल्लेश्वरमला ठेवून आलीस!"

"आले. त्यांच्या डब्यात आता एक जागा रिकामी आहे."

तो न जेवता उठला. वहिनी एरवी माझ्या बाजूनं एक शब्द काढायची नाही. तिनं माझ्या भातावर दुसऱ्यांदा तूप वाढलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐटीत अर्ज काढून बसले. अस्सल पत्रिका एकच, म्हणजे शाळाही एकच. मी निलगिरीतली केव्हाच ठरवून टाकली होती: हवा छान, शिस्त छान, महिन्यातून एकदा मला जाऊन येता येईल. पत्रिका त्या अर्जाला टाचणार, एवढ्यात पोरीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"त्याला नको, आत्या. मला तिथं नाही जायचं."

"म्हणजे? मग कुठं जायचंय तुला?"

तिनं खालचा अर्ज ओढून काढला. उत्तरेकडची शाळा. दोन दिवस, दोन रात्री आगगाडी. "इथं प्रयोगशाळा आहे. तुझ्या त्या निलगिरीतल्या शाळेत नुसता पियानो आहे."

"अगं, इतक्या लांब? वर्षातून एकदा दिसशील! मी काय म्हणून एवढी भांडले?"

"लग्नाचं बघताना अप्पांनी मला विचारलं नाही," ती म्हणाली. अर्ज तिनं हातातून सोडला नव्हता. "तूही नाही विचारलंस."

असा संताप आला म्हणून सांगू! कालच्या सगळ्या बोलण्यांपेक्षा हे झोंबलं. द्यावी एक ठेवून, असंही क्षणभर वाटलं. पण खरंच विचारलं नव्हतं मी. रडू आलं ते तिच्यासमोरच आलं. मग पत्रिका तिच्या अर्जावर ठेवली आणि दौत तिच्यापुढे सरकवली.

"लिही," म्हटलं. "आणि अक्षर नीट काढ."