वहिनींची घाई

गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत. वयानं दुप्पट असलेले समोरच्या दुकानातले चष्मेवालेसुद्धा. शिलाईचं दुकान त्यांचं. कापणं आणि मशीन वहिनींकडे. काजं, बटणं आणि तुरपाई नणंदेकडे. या नणंदेला वहिनी वन्सं म्हणत. लग्न केलेलं नाही, बोलणं कमी, हात सावकाश; भावाच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या.

गेले काही महिने वहिनींच्या अंगात वारं शिरलं होतं. दोन दिवसांचं काम एका दिवसात हातावेगळं. बसल्या तर पाय हलायचा, उभ्या राहिल्या तर उगाच आवराआवर. जेवण दुप्पट, तरी कपडे ढिले. दुसरी एखादी वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली असती. पण वहिनी पडल्या शिवणाऱ्या! त्यांनी आपले सगळे कपडे बाजूंनी आत घेतले, आणि ते परत ढिले झाले तेव्हा परत आत घेतले. फिटिंग झकास बसलं, विषय संपला. आतली बाई का आटतेय, हे कोण विचारतं? उलट गिऱ्हाइकं म्हणायची, "काय बारीक झालात हो!" आणि वहिनी अशा खुलायच्या की विचारू नका.

रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही. जरा जिना चढला की छाती धडधडे. बाकीचे स्वेटर घालून बसले तरी वहिनींना पंखा हवा. टाके वाकडे यायला लागले, तेव्हा त्यांनी मशीनला दोष दिला. दुरुस्तीवाल्यानं सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे, वहिनी." बिचारा! तोच बोलणी खाऊन गेला. घरी नवरा म्हणाला, "तुझ्यापेक्षा माझा टेम्पो बरा, निदान त्याला ब्रेक तरी आहे." तोही चार दिवस अबोल्यात गेला.

मग आला बँकेतल्या बाईंचा कोट. कापड मोजकंच, पुन्हा मिळणार नाही असं. वहिनींनी घाईघाईत एक बाही कापली आणि मापाचा कागद न उलटवता तसाच ठेवून दुसरी कापली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! शिकाऊ पोरीही पहिल्या महिन्यानंतर असलं काही करत नाहीत.

वहिनींचे कान तापले. "वन्सं, कापड तुम्हीच उलटं अंथरलंत."

"मी हातसुद्धा लावला नाही, वहिनी."

"तुम्हाला काय फरक पडतो म्हणा! आयतं छप्पर मिळालंय, आयतं ताट. नुकसान होतं ते आमचं."

वन्संनी हातातला दोरा तोडला. सुई उशीत खोचली. संध्याकाळपर्यंत त्यांची ट्रंकही घरातून गेली होती. लाँड्रीच्या वरची खोली घेतली, असं चष्मेवाल्यांकडून कळलं.

वहिनी दुकानात एकट्या. चिडायला कोणी नव्हतं, तरी चीड होतीच. तेव्हा त्या पहिल्यांदा घाबरल्या. आपल्याला झालंय तरी काय? नवरा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांकडे पाहिलं, गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. निघालं काय? गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नको तेवढं काम करत होती. शरीराला आतून सतत दामटत होती. वजन, धडधड, घाम, झोप, थरथर, चिडचिड, सगळं तिचंच. "गोळ्यांनी आटोक्यात येईल," बाई म्हणाल्या, "पण लगेच नाही. धीर धरा." धीर! तोच तर नव्हता.

वहिनींना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. ज्या झपाट्याचा एवढा तोरा मिरवला, तो आजार निघाला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आता वन्संना परत आणता येणार होतं. आपण दुष्ट नाही, आजारी आहोत! रिपोर्ट पर्समध्ये घालून त्या तशाच लाँड्रीचा जिना चढल्या. धापा टाकतच सगळं सांगितलं.

वन्संनी पाणी दिलं. पूर्ण ऐकून घेतलं.

"गोळ्या वेळेवर घे," त्या म्हणाल्या. "तुझे हात थरथरताना मला दिसत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

"मग चला ना घरी. ते मी नव्हते बोलले, वन्सं. आजार बोलत होता."

"हात थरथरला तो आजारानं. ओरडलीस तेही आजारानं, मान्य. पण आयतं छप्पर हे त्याला कुणी सांगितलं, वहिनी? ते आधीपासून होतं ना तुझ्याकडे?"

नाही म्हणायला वहिनींनी तोंड उघडलं. पण लग्न होऊन घरात आल्या, मागच्या खोलीचं दार बंद पाहिलं, तेव्हापासूनचं होतं ते. गोड बोलण्याखाली इतकी वर्षं नीट झाकून ठेवलेलं. त्यांना रडू फुटलं.

"होतं," त्या म्हणाल्या.

वन्सं उठल्या. त्यांनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्यापासून दुकानात येते," त्या म्हणाल्या. "तुला बरं वाटेपर्यंत कापणंही मीच करीन. पण राहीन इथेच."