विहीणबाईंच्या टेबलावरचा डाग

गल्लीत त्याला सगळे डागदर म्हणत. लाकडावरचा, फरशीवरचा, कसलाही डाग तो काढून द्यायचा. कपाटाला पडलेला खड्डा असा बुजवायचा, की मालकालाच शोधून सापडू नये. तोंडही हाताइतकंच चालायचं. "स्पिरिटचा बोळा लाकडावर थांबता कामा नये," हे गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे. "थांबला की चिकटला, आणि चिकटला की पॉलिशचं सालटं निघालंच!"

असा हा माणूस एका दुपारी लेकीच्या सासरी गेला. लेकीनं इकडेतिकडे बघत जेवणाच्या टेबलावरचं कापड उचललं. खाली गरम पातेल्याचं पांढरं कडं उमटलं होतं. टेबल सासूबाईंचं, जिवापाड जपलेलं.

"झाकून ठेवलंय, बाबा. त्यांना कळलं तर..."

"आहेत कुठे त्या?"

"आत पडल्यात जरा."

"मग कळतंय कशाला? हा बघ, गेलाच डाग."

पिशवीत बाटली होतीच. हा लग्नाकार्यालासुद्धा पिशवीत बाटली घेऊन जायचा, आणि लोकांचा भलताच समज व्हायचा.

बोळा भिजवून त्यानं सरसर फिरवला. कडं पुसट झालं. लेकीचा चेहरा खुलला, तसा याला आणखी चेव आला. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगंबाई, व्याही केव्हा आले?"

आणि डागदरचा हात थांबला. टेबलावरच.

दचकून त्यानं बोळा उचलला, तो पॉलिश घेऊनच वर आला. तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं, वर चिंधीचे धागे चिकटलेले. विहीणबाईंनी आधी टेबलाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"हे गं काय?"

"माझ्या हातून स्पिरिट सांडलं," लेक घाईघाईनं म्हणाली. "बाबा पुसत होते."

त्यानं नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एरवी लाह्यांसारखे फुटणारे शब्द नेमके तेव्हाच कुठे तडमडले होते कोण जाणे.

"धांदरटच आहे ही," विहीणबाई म्हणाल्या. "नशीब, तुम्ही होतात."

"करून देतो ना," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी टेबल घासून तो पॉलिशचे हात देत बसला. विहीणबाई शेजारणीला बोलावून दाखवत होत्या, "सुनेनं वाट लावली होती, पण बाप बघा, देवमाणूस!" देवमाणसाची मान काही वर होईना. लेक चहा ठेवून तशीच आत गेली.

टेबल आरशासारखं झालं. चपला घालताना मात्र त्याला राहवेना.

"विहीणबाई, ते तिच्या हातून नव्हतं झालं. माझ्या हातून झालं. मला वाचवायला ती तसं बोलली."

त्याला वाटलं, आता आपल्याला चार शब्द ऐकावे लागणार. विहीणबाई वळल्या त्या सुनेकडे. "म्हणजे माझ्या तोंडावर खोटं बोललीस तू?"

लेक त्याला दाराबाहेर सोडायला आली. डोळे भरलेले, आवाज मात्र कोरडा.

"काल बोलायचं होतंत ना, बाबा. आज कशाला बोललात? मन हलकं करायला?"

"मी येतो आत. समजावतो त्यांना."

"नको. आणखी काही नीट करायला जाऊ नका."

दार लागलं. आतून विहीणबाईंचा चढलेला आवाज येऊ लागला. बेलकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला. निघून जाणंही जमेना. ते सगळं बोलणं खरं तर त्याच्याच वाटणीचं होतं. आवाज थांबेपर्यंत तो जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत राहिला.