दहा अक्षरांतले मासे

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा शिकागोजवळच्या नेपरव्हिल परिसरातील समस्त मराठी कुटुंबांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की माझ्या होडीवरचं मासे दाखवणारं यंत्र काढण्यात आलेलं नाही, येत नाही आणि येणारही नाही. हरकती असल्यास त्या तळ्यात टाकाव्यात. कुठे पडल्या ते मला स्क्रीनवर दिसेल.

हे निवेदन काढायची वेळ माझ्यावर आणली गेली. एप्रिलमधल्या एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, मी क्रॉपी तळून नेले होते. या माशाचं स्पेलिंग वाचलं तर ‘क्रॅपी’ होतं, इथले जुने लोक म्हणतात ‘क्रॉपी’, आणि खाणारे काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांचं तोंड भरलेलं असतं. तर माझ्याच माशाचा तिसरा तुकडा उचलत एक मित्र म्हणाला, “पण यार, मशीनच सांगतं मासा कुठे आहे. मग तू काय केलंस?”

मी म्हटलं, “तू रोज फोनवर रस्ता बघत ऑफिसला ड्राइव्ह करतोस. मग पगार फोनला मिळतो का?”

सगळे हसले. सोफ्यावर बसलेल्या माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्या सहा महिन्यांसाठी अलिबागहून आल्या होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि न्यायाधीशाच्या आवाजात सांगितलं, “दुसऱ्याचे पत्ते बघून डाव जिंकण्यातला प्रकार आहे हा. मासा असा धरत नाहीत.”

आता यामागचा इतिहास सांगायला हवा. मी नागपूरचा. आमच्या घरी मासा होता तो फक्त राशिभविष्यात, मीन राशीपुरता. लग्नानंतर सासरच्या पहिल्या जेवणात माझ्या घशात काटा अडकला. त्या दिवसापासून पंचवीस वर्षं सासूबाई माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून देतात. चारचौघांत. “थांबा हं, जावईबापूंना जमत नाही,” असं म्हणत. माझी मुलं कॉलेजात गेली, केस पांढरे झाले, माझ्या हाताखाली तीस माणसं आली, तरी अलिबागच्या त्या पाटावर मी दीड वर्षाचाच राहिलो.

आणि मग चार वर्षांपूर्वी मी ही छोटी होडी घेतली आणि तिच्यावर ते यंत्र बसवलं. होडीच्या तळाला एक मुठीएवढा गोळा असतो. तो पाण्यात आवाज सोडतो, आवाज आपटून परत येतो, आणि स्क्रीनवर तळ उमटतो, बुडालेलं झाड उमटतं, झाडाच्या फांद्यांत लटकलेले क्रॉपी उमटतात. गढूळ, हिरवट पाणी, हात घातला तर बोटं दिसत नाहीत, आणि मला खालची फांदी न् फांदी दिसते! आयुष्यभर मी स्क्रीनच वाचत आलो. त्यातून पाण्याखालचं वाचता आलं, तर त्यात लाजायचं काय? माशांबद्दल मला काहीतरी कळत होतं जे अख्ख्या अलिबागला कळत नव्हतं.

हे सगळं मी पॉटलकमध्ये बोलून दाखवलं. जरा जास्तच बोललो बहुतेक. कारण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मग चला. शनिवारी मी येते. बारा वाजेपर्यंत पाच मासे. नाही मिळाले तर यंत्र उतरवायचं आणि माणसासारखा गळ टाकायचा.”

“मंजूर,” मी म्हणालो.

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” माझी बायको म्हणाली. ती कुणाच्या बाजूने होती हे मला आजही कळलेलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो. बायको धक्क्यावर खुर्ची टाकून बसली. सासूबाई साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून होडीत आल्या. मासेमारीचं लायसन्स त्यांनी पर्समध्ये आधारकार्डाशेजारी ठेवलं होतं. आयुष्यातलं पहिलंच लायसन्स, म्हणून मधूनमधून काढून बघत होत्या.

मी निश्चिंत होतो. यंत्रातला जीपीएस चांगल्या जागा लक्षात ठेवतो, आपण फक्त जागेला नाव द्यायचं. मी नावं मराठीत देतो, इंग्रजी अक्षरांत. शेजारच्या होडीतल्या कुणी डोकावून पाहिलं तरी त्याच्या बापाला कळणार नाही. मी यादी उघडली, ‘ITHE MASE’ हे नाव दाबलं, आणि नकाशावरच्या रेघेवरून होडी थाटात तिकडे नेली.

स्क्रीनवर तळ दिसला. नुसता तळ. सपाट.

“कुठे आहेत?” सासूबाईंनी विचारलं.

“येतील.”

“येतील? मग यंत्राने काय केलं? येणारे मासे तर माझ्या बादलीतही येतील.”

अर्धा तास गेला. मी गळ वर घेतला, खाली सोडला, आमिष बदललं. एक तास गेला. सासूबाईंनी डबा उघडला, मला शंकरपाळे दिले आणि प्रेमाने म्हणाल्या, “खा. हे काट्याशिवाय असतात.”

साडेदहाला त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनजवळ वाकून एकेक अक्षर वाचलं. “इथे मासे. आणि पुढे?”

“पुढे काय?”

“वाक्य अर्धं आहे ना. इथे मासे काय? आहेत, की नाहीत?”

मी यादी पुन्हा उघडली. ‘ITHE MASE’ दोन होते. एकाखाली एक, जुळ्या भावांसारखे. यंत्रात नावाला दहाच अक्षरं मिळतात, मधल्या जागेसकट. मागच्या वर्षी एका जागेला मी लिहिलं होतं ‘इथे मासे आहेत’. आणि जिथे माझा अख्खा रविवार फुकट गेला होता त्या जागेला, पुन्हा चुकूनही जाऊ नये म्हणून, लिहिलं होतं ‘इथे मासे नाहीत’. यंत्राने दोन्ही वाक्यांच्या शेपट्या कापल्या होत्या. उन्हाच्या चकाकीत मी ते पाहिलंच नव्हतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर ‘नो’ आधीच आला असता. आपण मराठी माणसं, आपला नकार शेवटी येतो.

हे समजल्यावर सासूबाई इतक्या हसल्या की होडी हलायला लागली. “म्हणजे तुम्ही स्वतःच पाटी लावलीत, आणि स्वतःच फसलात!”

“यंत्र बरोबर होतं,” मी छाती काढून म्हणालो. “मासे नाहीत असंच ते दाखवत होतं. चुकलो मी. यंत्राला बोल लावायचा नाही!”

दुसऱ्या ‘ITHE MASE’ वर पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. आणि तिथे स्क्रीनवर ते उमटलं. बुडालेलं झाड, आणि त्याच्या फांद्यांवर जांभळं लगडावीत तसे ठिपके. मी गळ सोडला. स्क्रीनवर माझाच गळ बारीक रेघ होऊन खाली उतरताना दिसत होता. एक ठिपका सुटला, वर आला. हिसका! पहिला क्रॉपी होडीत पडला. सासूबाईंनी सवयीने कल्ले उचकटून पाहिले आणि मान डोलावली.

“ती काठी इकडे द्या,” त्या म्हणाल्या.

दुसरा त्यांनी काढला. तिसराही त्यांनीच. त्यांची नजर पाण्यावर नव्हतीच. चष्मा नाकावर, नाक स्क्रीनवर.

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“बारा वाजले,” बायको म्हणाली. “किती?”

“तीन.”

“पाच ठरले होते. ठरलं म्हणजे ठरलं. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभीच आहे. ये परत, यंत्र उतरवू.”

मी बाणेदार उत्तर द्यायला तोंड उघडलं, स्क्रीनच्या पुढे जरा वाकलो. सासूबाईंच्या गळाकडे त्या क्षणी दोन ठिपके एकदम वर चढत होते. त्या ओरडल्या ते फोन नसता तरी धक्क्यावर ऐकू गेलं असतं:

“खबरदार त्या यंत्राला हात लावलास तर! आणि जावईबापू, तुम्ही डोकं बाजूला घ्या आधी, मला मासा दिसत नाहीये!”