भिजलेली चावी

काल भांडताना मी गाडीची रिमोटवाली चावी बायकोच्या अंगावर फेकली. सुमनची भुवई फुटली आणि चावी खरकट्या भांड्यांच्या टबात पडली. आज सुमन माहेरी निघाली आहे, आणि मी दाराजवळच्या टेबलाशी ती चावी उघडून बसलो आहे.

“रिक्षाने जा ना,” मी म्हणालो.

“गाडी माझी आहे. करा सावकाश, मी थांबते.”

स्पिरिटमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने मी चावीतल्या सर्किटवरच्या तांब्याच्या बारीक रेघा पुसत होतो. जोर लागला तर रेघ तुटते. रागात माझा हात आवरत नाही, असं मी सुमनला दर वेळी सांगत आलो. पण मघाशी इवलासा स्क्रू पुन्हा पुन्हा निसटला, डोक्यात सणक गेली, तरी हात आवरला. म्हणजे तो आवरता येत होता. एका यंत्रासाठी मी तो आवरला. तिच्यासाठी कधीच आवरला नाही.

वाळल्यावर नवा सेल घालून बटण दाबलं. खाली गाडीचे दिवे लुकलुकले. चावी कामातून गेली असं सांगावं, हे क्षणभर मनात आलं.

“झाली,” मी म्हणालो आणि चावी द्यायला हात पुढे केला. मार चुकवावा तशी सुमन झटकन मागे सरली.

मी चावी टेबलावर ठेवली आणि दारातून बाजूला झालो.