माझ्या पोरीनं प्रार्थनेत घेतलेलं नाव

मंडळी, आज पोरीच्या शाळेत पालकसभेला गेलतो. ती पहिलीत आहे, सिस्टर लोकांच्या शाळेत. तिथं सकाळच्या प्रार्थनेत प्रत्येक लेकरू कोणाचं तरी नाव घेऊन देवाजवळ मागते.

सिस्टरनं विचारलं, "रमेशकाका बरे झाले का? ही रोज त्यांच्यासाठीच मागते."

रमेशभाऊ म्हणजे माझ्या दुकानासमोरचे किराणावाले. आमचं बोलणं बंद आहे. पंधरा दिवसांपासून त्यांचं दुकानही बंद. त्यांचं गिऱ्हाईक माझ्याकडं येऊन राह्यलं, म्हणून मी खुशीत होतो.

येताना पोरीले विचारलं, "ते बिमार आहेत हे तुले कोणी सांगितलं?"

"कोणीच नाई. मी त्यांच्या घरी विचारून आली."

आता गल्ल्यावर बसून समोरचं शटर पाहून राह्यलो. जायचं तर आहे. पहिलं वाक्य काय बोलू, सांगा.