प्राध्यापकांचं चांदीचं नाणं

प्राध्यापकांनी आयुष्यात कुठे शिकवलं नाही. नोकरी विमा कचेरीतली. पण विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत त्यांना हेच नाव पडलं, कारण जिन्यात भेटलेल्या माणसाला ते धडा दिल्याशिवाय सोडत नसत. "याला लॉजिक आहे" हे त्यांचं पालुपद. ते ऐकत उभी राहिल्याने माझं दूध कितीदा उतू गेलं असेल.

काकू, म्हणजे त्यांची बायको, कधी काही बोलत नसत. प्राध्यापक वाजवून पारखून कलिंगड आणत, ते आत पांढरं निघे आणि काकू त्यावर साखर घालून खात. नवऱ्याला इतकं डोक्यावर बसवू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. त्या नुसत्या हसल्या.

पावसाळ्यात प्राध्यापक रानभाज्यांचे तज्ज्ञ होत. एका श्रावणात त्यांनी मागच्या प्लॉटवरच्या कुजक्या बुंध्यावरून पिशवीभर छत्र्या खुडून आणल्या. पनवेलच्या बाजारात अळंबी येते ती वारुळाच्या मातीतली. लाकडावरच्या असल्या घोसांना आम्ही कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो, आणि मी तसं म्हटलंही. त्यांनी माझी कीव केली आणि लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं उकळत्या पातेल्यात टाकलं. विष असलं तर चांदी काळी पडते म्हणे. नाणं बाहेर आलं ते आणखीच लखलखीत. त्यात नाणं धुऊन निघालं, एवढंच सिद्ध झालं. पण काकूंचंही ताट वाढलं जात होतं, म्हणून मी तिथून हलले नाही.

प्राध्यापकांनी पहिला घास घेतला आणि वीज गेली. बाहेर खोदकामात केबल तुटली असावी. त्या अंधारात ओट्यावरची चाळण दिसत होती. तिच्यात उरलेल्या कच्च्या छत्र्या हिरवट उजळल्या होत्या.

"फॉस्फरस," प्राध्यापक म्हणाले. "मेंदूला चांगला. याला लॉजिक आहे."

काकूंनी ताट बाजूला सारलं. "मी नाही खाणार."

त्यांच्या संसारातला मी ऐकलेला हा पहिला नकार. प्राध्यापक दुखावले, आणि इरेला पेटून त्यांनी अंधारात सगळी भाजी संपवली.

मग उलट्यांनी माणूस पिळून निघाला. रिक्षात त्यांनी मला फॉस्फरस समजावला, सलाईन लावल्यावर डॉक्टरांना. मी बरोबर नेलेला घोस बघून डॉक्टर म्हणाले, विषारी आहे. तेव्हा कुठे त्यांनी काकूंना विचारलं, "तू खाल्लीस?"

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

बरे झाल्यावर जिन्यातले धडे पुन्हा सुरू झाले. फरक इतकाच, की शेवटी ते काकूंकडे बघून "हो ना गं?" असं विचारत.

गेल्या हिवाळ्यात ते हृदयविकाराने गेले. माझं दूध आता उतू जात नाही. परवा काकूंनी न वाजवताच एक कलिंगड आणलं. लालभडक निघालं, गोड. काकूंनी तरीही त्यावर साखर घातली, आणि मग आम्हा दोघींनाही ते खाववेना.